लॉगवाले काका आणि साडेपाच तास

फाईल पोचल्याचा आनंद लॉगवाल्या काकांना कधी झाला नाही; ती पोचल्याची नोंद नीट पडली, की मग चहा. कारंजा लाडच्या आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर गावोगावच्या केंद्रांतून शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या फायली येत. कोणी, केव्हा, काय पाठवलं, पूर्ण आलं की अर्धवट, याची एकेक ओळ सर्व्हर आपोआप लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या यादीत, लिही. ती ओळ कशी असावी हे काकांनी ठरवलेलं, आणि तिची प्रत्येक सेटिंग एका जाड वहीत मराठीत समजावलेली.

"काय केलं ते मशीनले मालूमच हाय. काहून केलं ते लिहा," हा त्यांचा दंडक. पाठवणाऱ्याचं नाव ओळीत पहिलं का, या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'माणूस आधी, फाईल मंग.' चळवळीची पत्रकं वाचून वाढलेल्या, त्यांच्या हाताखाली काम शिकणाऱ्या मला ते भिंतीवर रंगवावंसं वाटलं. काका म्हणाले, भिंत राहू दे, तुझं टेबल आवर.

नवा सर्व्हर बसला आणि आठवड्यात ऑफिसच्या साहेबांनी शेलूबाजारच्या केंद्रातल्या प्रज्ञाला बोलावलं. लॉगमध्ये तिच्या नावावर पहाटे साडेपाचला आलेल्या फायली होत्या. केंद्र तर दहाला उघडतं. पासवर्ड तिने दलालाला दिला, असं साहेबांनी ठरवूनच टाकलं होतं; उद्यापासून येऊ नको, एवढंच सांगायचं बाकी होतं. ती सांगत होती, फायली अकराला पाठवल्या, पहाटे तर मी नळावर नंबर लावून उभी होते. माझ्या डोक्यात निषेधाचं पत्रक तयार झालं होतं.

काकांनी वही उघडली. वेळेच्या सेटिंगचं पान कोरं. त्यांनी सर्वांसमोर एक फाईल पाठवली. भिंतीवरच्या घड्याळात बारा दहा. लॉगमध्ये सहा चाळीस. नव्या सर्व्हरची नोंद जागतिक वेळेत पडत होती, आपल्याहून साडेपाच तास मागे.

साहेब सैलावले. सर्व्हर बसवणाऱ्यांची चूक म्हणून टाकू, म्हणाले.

"नाही साहेब. त्यांची नाही, पोरीचीबी नाही. सेटिंग मीच तशी ठेवली, अन् लिवाचं मीच भुललो."

मग त्या कोऱ्या पानावर त्यांनी सेटिंग लिहिली, आणि खाली: 'हे लिहून ठेवलं नव्हतं म्हणून प्रज्ञावर आळ आला. चूक माझी.' खाली पूर्ण सही. प्रज्ञाने पानाचा फोटो काढला आणि विचारलं, "काका, जेवाले तरी आपल्या टायमावर जाता नं?" सगळ्यात मोठ्याने काकाच हसले.

यंदा ते निवृत्त झाले. मी वाचलेल्या सगळ्या पत्रकांत चूक नेहमी दुसऱ्याची असायची. गेल्या आठवड्यात माझ्या हातून एक सेटिंग बिघडली, जऊळक्याच्या केंद्राच्या फायली दिवसभर अडकल्या. काकांच्या वहीत कारण लिहिलं. मग खाली पूर्ण नाव लिहिलं.