सेतच्या दिवशी जन्मलेली

तीस दिवसांचे बारा महिने सरले की वर्षाच्या शेवटी पाच दिवस उरतात. त्यातला तिसरा उत्पात घडवणाऱ्या सेत देवाचा, म्हणून सगळ्यांत अशुभ. माझी बायको हुनेरो नेमकी त्या दिवशी जन्मलेली. गल्लीत कुणाचं मडकं फुटलं तरी बायका तिच्याकडे बघायच्या. ती हसून म्हणायची, "अगं, मी तर झोपले होते!" पण तिचा वाढदिवस कधी कुणी केला नाही.

यंदा त्याच दिवशी आमच्या लेकीला, वाबखेतला, कळा लागल्या आणि दुपारी मुलगी झाली. सुईण हळूच म्हणाली, "मावशी, उद्या झाली म्हणून सांगू या. उद्याचा दिवस इसिसमातेचा. कोण बघायला आलंय?"

वाबखेत म्हणाली, "आई, तू म्हणशील तसं."

या दिवसापायी हुनेरोनं जन्मभर काय काय ऐकून घेतलं ते तिलाच ठाऊक. मला वाटलं, ती हो म्हणेल. पण तिनं या पाच दिवसांत रक्षणासाठी बांधायची, देवांची चित्रं काढलेली कापडाची पट्टी स्वतःच्या गळ्यातून सोडली आणि बाळाच्या अंगावर ठेवली.

"नको गं. खोटं सांगितलं तर पोर जन्मभर लपत राहील. आणि आता ती काही एकटी नाही. मी आहे की."

तिच्या मनात काय आलं ते मला नीट सांगता येत नाही, पण संध्याकाळी तिनं मधाची भाकरी केली. सेतच्या दिवशी आमच्या चुलीवर गोड काही होण्याची ती पहिलीच वेळ.