‘सोड’ म्हणायचं राहिलं

टँकरच्या पाइपाखाली ड्रम धरला होता आणि खिशात काहीतरी टोचलं. हात घातला. आठ नंबरचा रिंग पाना. हा पाना नामदेवच्या गाडीशी असायला हवा होता.

धारूरला घाटाच्या तोंडाशी माझं गॅरेज. त्या दुष्काळात टँकर कधी यायचा त्याचा नेम नव्हता. हॉर्न वाजला की सगळी गल्ली हातातलं टाकून पळायची. मीही पळालो होतो.

नामदेव दूध संघासाठी वस्त्यांवरून दूध गोळा करायचा. मोटारसायकलला दोन बाजूंना दोन कॅन लावून घाट उतरायचा, तेलगावला दूध टाकायचा. त्यांची जनावरं खाली चारा छावणीत होती, म्हणून त्या दिवशी बायको सुमनही बरोबर होती. पुढचा ब्रेक मऊ लागतो, एवढीच तक्रार घेऊन दोघं माझ्याकडं थांबले होते.

डिस्क ब्रेकमध्ये ऑइल असतं. लिव्हर दाबली की त्या ऑइलच्या जोरावर चाक धरतं. ऑइलमध्ये हवा शिरली की जोर हवेतच जिरतो. मग चाकाजवळच्या निपलला, म्हणजे छोट्या पोकळ स्क्रूला, नळी लावून जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायची. याला दोन माणसं लागतात. एकानं वर लिव्हर सांभाळायची, मी खाली पाना घेऊन. मी ओरडतो, "दाब! धर!" निपल जरा उघडतो, बुडबुडे निघतात, परत आवळतो. मग म्हणतो, "सोड!" आवळायच्या आत लिव्हर सोडली, तर हवा परत आत जाते.

वर सुमन होती. एकदाही चुकली नाही. शेवटच्या "धर!"ला हॉर्न वाजला. मी निपल न आवळता नुसती टेकवली, पाना काढला आणि सुटलो.

ड्रम तिथंच टाकून परत आलो, तर गाडी गायब. नळी नामदेवनंच काढून ठेवलेली. त्याला फोन लावला, तर तो माझ्याच चार्जरला वाजायला लागला.

शेजारचा टेलर म्हणाला, "आत्ताच गेले की. लिव्हर कडक लागतीय म्हणून खूश हुता."

कडक लागणारच. टेकवलेली निपल सपाटीवर टिकते. उतारावर जोरात दाबली की ऑइल बाहेर, आणि ब्रेक संपला. मागचा ब्रेक एकटा पुरणार नव्हता; गाडीवर ऐंशी लिटर दूध आणि बायको.

टेलरची स्कूटी घेतली. इतकी वर्षं गाड्या खोलल्या, पण स्वतःच्या कामाची अशी भीती कधी वाटली नव्हती. प्रत्येक वळणाला आधी दरीत बघायचो, मग रस्त्यावर. देवा, दूध सांडू दे, माणसं नको!

तिसऱ्या वळणावर डांबरावर पांढरा ओघळ दिसला. मला पुढं बघवेना.

गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत आडवी होती. नामदेव दगडावर बसला होता, पँट गुडघ्यावर फाटलेली. सुमनचा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला. तिनं पदर गुंडाळला होता.

"मिस्त्री, लिव्हर पार हँडलला भिडली," नामदेव म्हणाला. "समोर दरी. डोंगराच्या अंगाला घातली म्हणून वाचलो."

"चूक माझी हाय," मी म्हणालो.

सुमन शांतपणे बोलली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी सोड म्हणलाच न्हाई, दादा. तुमी गेल्यावर बी मी लिव्हर धरून उभी व्हते. किती येळ. मग हेच म्हणाले, सोड आता, दूध नासतंय. म्हणून सोडली."

नामदेवनं मान खाली घातली. मीही.

गॅरेजला आलो तेव्हा टँकर गेला होता आणि माझा ड्रमही कुणीतरी नेला होता. नेऊ दे.

तेव्हापासून ब्रेकच्या कामाला गाडीची चावी आधी माझ्या खिशात येते, पाना नंतर हातात. गिऱ्हाइकं चिडतात. चिडू देत. हॉर्न आजही वाजतो, गल्ली आजही पळते. मी "सोड" म्हणेपर्यंत खालीच बसलेला असतो.