लालबागचा वायवर्ण

झाड बघायला मुंबईला चालले आहे म्हटल्यावर सांगलीतल्या आमच्या शेजारणीने मला दोनदा विचारलं, "झाडच ना?" तिचं काही चुकलं नव्हतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी झाडाझुडपांची टपाल तिकिटं जमवते. वड, कदंब, पळस, बहावा, सगळे माझ्या अल्बममध्ये चिमट्याने धरून अलगद बसवलेले आहेत. खरं झाड समोर आलं तर मात्र मला आंबासुद्धा कैरी लागल्याशिवाय ओळखता येत नाही. माझ्याकडे वायवर्ण (काही ठिकाणी याला वरुण म्हणतात) तेवढा नव्हता. आमच्या संग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटातले लालबागचे सावंत म्हणाले, "माझ्याकडे दोन तिकिटं आहेत. एक तुम्हाला, कदंबाच्या बदल्यात. चैत्रात या, झाडपण दाखवतो. आमच्या चाळीतच आहे." तिकिटावर झाड फुकट म्हटल्यावर मी बस पकडली.

दादरला उतरून गिरगावात मावसबहिणीकडे पिशवी टाकली. ती राहते फणसवाडीत. फणसवाडीत एखादा तरी फणस असणारच, अशा भाबड्या समजुतीने मी वर बघत गल्ली पालथी घातली. वर वाळत घातलेले कपडे होते, पाणी गाळणारे एसी होते, केबलच्या वायरी होत्या. एका वयस्कर गृहस्थांनी मला थांबवलं.

"कोण पायजे?"

"फणस."

"कितव्या माळ्यावर?" (माळा म्हणजे मजला.)

मी झाडाबद्दल बोलते आहे हे कळल्यावर त्यांनीही मान वर करून बघितलं. "झाड नाय बघितलं कधी. वेफर्स मिळतील, कोपऱ्यावर." मी वेफर्स घेतले. सकाळ अगदीच वाया गेली असं नको व्हायला.

दुपारी टॅक्सीने लालबाग गाठलं. चैत्राची चाहूल कोकिळेमुळे लागते असं मी शाळेत शिकले होते; लालबागमध्ये ती शिंकेने लागते. वर्षाचा मसाला कुटून घेण्याचा हंगाम होता आणि रस्ताभर मिरच्यांची पोती उघडी होती. टॅक्सीवाला आणि मी आळीपाळीने शिंकत चाळीच्या फाटकापर्यंत पोचलो.

फाटकात खुर्च्या टाकून तिघे जण बसले होते. मी आत शिरून अंगणातल्या झाडावर मोबाइल रोखला, तसे तिघेही उठले.

"कुठच्या संस्थेच्या तुम्ही?"

"कुठल्याच नाही."

"मग झाडाचा फोटो कशाला काढताय?"

तेव्हा मला खोडावर डकवलेला कागद दिसला. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहणार होता. झाड मध्ये येत होतं. ते तोडायला कुणाची हरकत असेल तर मुदतीच्या आत पालिकेला कळवावं, अशी ती नोटीस होती. पलीकडच्या चाळीत अशाच एक बाई फोटो काढून गेल्या, त्यांनी हरकत घेतली आणि काम अडकलं ते अजून अडकलेलंच आहे, हे तिघांनी मला मिळून ऐकवलं. मी टपाल तिकिटं जमवते असं सांगितलं. इतकी लंगडी सबब त्यांनी आजवर ऐकली नसावी.

तेवढ्यात सावंत जिन्यावरून धावत आले. बारीक चणीचे, छापखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. "अरे, सोडा रे त्यांना. माझ्या पाहुण्या आहेत." मग मला झाडाखाली नेऊन म्हणाले, "तीन-तीन पानं बघताय ना? श्रावणात सगळी चाळ ह्याचीच पानं बेल म्हणून महादेवाला वाहायची. तिकीट हातात आलं तेव्हा मला कळलं, हा बेल नाही. मी सांगितलं सगळ्यांना. तो श्रावण कोणी माझ्याशी बोललं नाही."

मी मान वर केली. तिकिटावर एक डहाळी असते. इथे अख्खं झाड फुललं होतं. पांढरी फुलं, पिवळी पडत चाललेली फुलं, त्यातून बाहेर आलेले लांब केसर, आणि मधमाश्यांचा एकसारखा गुंजारव. इतकी वर्षं आपण कागदच जमवत होतो, असं वाटलं.

वर खोलीत सावंतवहिनींनी घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि काळ्या वाटाण्याची उसळ वाढली. एकच खोली, त्यातच मोरी. दुसरा घावणा संपताना माझ्यातली निसर्गप्रेमी जागी झाली. "सावंत, तुम्हीच हरकत घ्या ना."

उत्तर वहिनींनी दिलं, तेही आवाज न चढवता. "लग्न होऊन आले तेव्हापासून ह्याच झाडाखाली उभी राहते मी, ताई. संडासाच्या लायनीत. सावली चांगली आहे हो त्याची, मी कुठे नाही म्हणते? पण आता गुडघे ऐकत नाहीत." मग त्यांनी मला विचारलं, "अजून एक घालू?" मी ताट पुढे केलं.

निघताना सावंतांनी पाकीट दिलं. आत दोन्ही वायवर्ण होते.

"एक ठरलं होतं ना?"

"दोन्ही न्या. कदंब राहू दे तुमच्याकडेच." वहिनी आत भांडी घासत होत्या, सावंतांनी आवाज खाली आणला. "हरकत घेतली तर ही कुठे जाईल? आणि झाड गेल्यावर नव्या घरात बसून मी अल्बमचं हे पान उघडू कसं?"

हरकतीची मुदत संपली त्या दिवशी मी सांगलीत, दोन न्हाणीघरांच्या माझ्या घरात होते. मी काढलेल्या फोटोत नोटिशीवरचा पालिकेचा पत्ता स्वच्छ वाचता येत होता. वहिनींना घर मिळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. ते झाड उभं राहायला हवं, असंही तितकंच मनापासून वाटतं. मी पत्र लिहिलं नाही. एक वायवर्ण अल्बममध्ये लावला. दुसरा पाकिटातच ठेवला आहे, सावंतांनी परत मागितला तर द्यायला. त्यांनी अजून मागितलेला नाही.