लाफाची चटई

माझे वडील गेले तेव्हा अख्ख्या जर्मनीत माझ्याबरोबर रडणारा एकच माणूस होता.

तोही गेला.

लाफाएले. आम्ही लाफा म्हणायचो. सामोआचा. पॅसिफिकमधला एवढासा देश. हॉस्टेलच्या नकाशावर त्याने बोट ठेवून दाखवला, तर बोटाखाली देशच गायब!

साठच्या दशकाची सुरुवात, श्टुटगार्ट. मी सांगलीहून इंजिनिअरिंगला आलेलो, तो सर्व्हेइंग शिकायला. खोल्या शेजारी-शेजारी, बोलणं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये.

हा पठ्ठ्या कविता करायचा. त्याही सामोअनमध्ये! कळायचं शष्प नाही, पण मान डोलवायला काय जातंय?

मग तार आली. बाबा गेले.

तेव्हा असं उठून भारतात जाता येत नसे. बोटीने पोचेपर्यंत तेरावाही उरकला असता.

खुर्चीत तसाच बसून होतो. पोरं दारात यायची, उभ्या उभ्या दुखवट्याचे दोन शब्द बोलायची, हात मिळवून जायची. चांगली होती बिचारी.

लाफा आला तो चटई घेऊन. त्याच्या आईने विणलेली. जमिनीवर अंथरली आणि मांडी घालून बसला.

"अरे, दुसरी खुर्ची आहे की."

"दुःखात बसलेल्या माणसाशी आमच्यात कुणी उभं राहून बोलत नाही. खाली बसतात. ये."

बसलो.

"वडील कसे होते, सांग."

सांगता सांगता फुटलो. तोही. कधी न पाहिलेल्या माणसासाठी ढसाढसा रडला वेडा. मग बाबांवर कविता म्हटली, त्याच्या भाषेत. मधेच "सांगली" ऐकू आलं. तेवढंच कळलं.

पुढे त्याचा देश स्वतंत्र झाला. प्रोफेसर म्हणाले, इथेच राहा, नोकरी देतो. मीही मागे लागलो.

"राहा ना रे. आरामात कविता लिहिशील."

"तिकडे गावांत नळ नाहीत. कवितेचं बघू नंतर."

चटई माझ्याकडे ठेवून गेला.

तिकडे त्याने जन्मभर सरकारी नोकरी केली. गावोगावी पाइपलाइनी टाकल्या. फोनवर सुरुवात अजून जर्मनमधूनच, "आल्झो, म्हणजे बघ, आज मीटिंगमध्ये चार ओळी सुचल्या आणि साहेबांनी पकडलं!" नंतर स्वतःच साहेब झाला. तरी गावात गेला की आधी लोकांत खाली बसायचा, मग पाण्याचं बोलायचा.

आज तिकडे त्याचा अंत्यविधी होता. मी इथेच, श्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनमध्ये. या वयात कुठला प्रवास? बाबांच्या वेळी पोचलो नाही, ह्याच्याही वेळी नाही. फार लागलंय हे मनाला.

त्याच्या मुलीने व्हिडिओ कॉल लावला. सगळे चटयांवर बसलेले.

"अंकल, तुम्ही काहीतरी बोला."

सवयीने श्रद्धांजलीला उभा राहिलो, हात जोडून. आणि चमकलो. अरे, लाफाच्या माणसांसमोर उभा?

नातीला म्हटलं, कपाटातली चटई काढ.

गुडघे बदललेत. डॉक्टरची सक्त ताकीद आहे, जमिनीवर बसायचं नाही म्हणून. बसलो.

"ओपा, परत उठणार कसे?" नात जर्मनमध्ये ओरडली.

बोलायचं बरंच ठरवलं होतं. पण समोर लाफाची पोर रडत होती.

तिला म्हटलं, "वडील कसे होते, सांग."

लाफा, बसलोय रे मी. उठायचं बघू नंतर.

तू नीघ निवांत.