फिटरच्या हातचं करंज

धोंडिराम कांबळे आमच्या साखर कारखान्यात फिटर होता आणि एक नंबरचा तिरसट. मिलच्या खडखडाटात त्याचा जन्म चाललेला. कुणी नुसता पाना मागितला तरी अंगावर यायचा.

कारखान्याच्या घाण पाण्यानं कृष्णेतले मासे मेले, नदीकाठची गावं चिडली, तेव्हा कुठं वरच्यांना जाग आली. ब्याण्णवच्या सुमाराला पाटणकरसाहेब लेबर ऑफिसर म्हणून आले. त्यांनी पाणी शुद्ध करून त्यावर रोपवाटिका काढली आणि उसाचं गळीत संपलं की आम्हा कामगारांच्या पाळ्या तिथं लावल्या. आम्ही कुरकुर करत झाडाखाली बिड्या ओढत बसायचो. धोंडिराम मात्र तिथं रमला. करंजाचं बी रुजवायचा, खत चाळायचा आणि चक्क शीळ घालायचा. हाच का तो धोंड्या, असं आम्ही एकमेकांना विचारायचो.

साहेबांनी ते हेरलं. म्हणाले, "धोंडिराम, कायमचा इकडंच ये. पगार आहे तोच राहील." फक्त हुद्दा माळ्याचा होणार होता.

तिथंच घोडं अडलं. त्याच्या बापाचा जन्म दुसऱ्याच्या बांधावर खोरं ओढण्यात गेला. त्यांच्या घरातला हा पहिला फिटर. वस्तीत त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे 'फिटर'च म्हणत. बायको येसूबाई तर कडाडलीच, "आवं, मामंजींनी टाकलेलं खोरं तुमी पुन्यांदा उचलनार? लोक काय म्हनतील?"

धोंडिरामानं साहेबांना नाही म्हटलं. ती जागा कृष्णात नावाच्या दुसऱ्या कामगाराला मिळाली, ज्याला करंज कुठलं आणि कडुनिंब कुठला हे विचारूनच कळायचं. धोंडिराम मिलवर परतला आणि त्याची शीळ बंद झाली. जेवणाच्या सुट्टीत रोपवाटिकेच्या कुंपणाशी उभा राहायचा, आत पाऊल टाकायचा नाही. मला त्याचा राग यायचा. लोक बोलून घरी जातात, मिलवर उभं कुणाला राहायचंय? पण ज्याच्या बापाला गावानं कधी नीट नावानं हाक मारली नाही, त्याला 'फिटर' सोडणं सोपं नव्हतं, हेही खरंच.

अठ्ठ्याण्णवला तो रिटायर झाला. निरोपाला शाल-नारळाऐवजी रोप द्यायचं, अशी पद्धत साहेबांनीच पाडलेली. त्याच्या हातात करंजाचं रोप आलं. मी त्याला घरी सोडायला गेलो. दारापुढं वीतभर अंगण, तेही फिटरचं घर दिसावं म्हणून त्यानंच सिमेंटनं घोटून घेतलेलं. रोप लावायला जागाच नव्हती.

येसूबाईनं तेलाचा रिकामा डबा आणला. त्यात माती भरता भरता तिचे डोळे भरून आले. "तवा मी तुमास्नी अडवाय नको हुतं. लय चुकलं माजं."

"तुजं कंचं आयकत हुतो मी?" धोंडिराम म्हणाला. "मलाच ती हाक सोडवंना, गं."

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "काय फिटर, झाला न्हवं रिटायर?"

धोंडिरामानं मान वर केली नाही. तो डब्यातली माती दाबत राहिला.