वाऱ्याकडे तोंड

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा समुद्रकिनाऱ्यावर नवविवाहित जोडप्यांचे फोटो काढतो. कॅमेऱ्याला तो जितका जपतो, तितकं कोणी तान्ह्या बाळालाही जपत नसेल. जपतो म्हणजे तिच्याकडून जपून घेतो. घरी आल्या आल्या मऊ ब्रशने वाळू झाडायची, ओलसर फडक्याने खार पुसायचा, मग हवाबंद डब्यात निजवायचं. सोबत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या. "सवतीचं आवरते आणि मग वाढते," असं धाकटी हसत म्हणायची. त्या हसण्याचा मला संताप यायचा.

किनाऱ्यावर तिचं काम वेगळं. लेन्स बदलताना आत वाळूचा कण गेला की कॅमेरा कामातून गेला. म्हणून तो वाऱ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसायचा आणि ती त्याच्यामागे चादर ताणून, वाऱ्याकडे तोंड करून उभी. तोंड कशाला? तर वाळूचा लोट येताना दिसला की "झाका!" म्हणून ओरडायला. अशी एकोणीस वर्षं. डोळे सदा लाल. शेवटी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर वारा नको, धूळ नको. नाहीतर डोळा जाईल.

तेराव्या दिवशी तो तिला घेऊन निघाला. मी दारातच आडवी उभी राहिले.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"ताई, मोठं गिऱ्हाईक आहे. पंधरा मिनिटांचं तर काम. गॉगल घातलाय की तिने."

"चादर दोन काठ्यांना बांधा!"

"काठी ओरडते होय?" स्वतःच्याच विनोदावर तो हसला.

"अगं, तू तरी नाही म्हण!"

"जाऊ दे ना ताई. दुसऱ्या कोणी धरलं की यांचा हात थरथरतो."

गॉगलच्या कडेने वाळू शिरली. दोन दिवस बाईसाहेबांनी ठणका अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी पू आला. उशीर केलात, डॉक्टर म्हणाले. डोळा गेला.

खाटेवर पट्टी बांधून पडलेली, आणि नवऱ्याला पहिला प्रश्न काय? "लेन्सवर चरा नाही ना आला?"

"छे! एक कण गेला नाही आत."

ती सुखावली. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला तिचीच जास्त चीड आली.

दोन महिन्यांत ती पुन्हा किनाऱ्यावर उभी. "उजवीकडून आलेला लोट हिला दिसत नाही आता," तो मला कौतुकाने सांगत होता, "पण जरा तिरकी उभी केली की जमतं, ताई."