पाळी संपलेली नाही

आमचे हे पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागण्याआधी जहाजावर सुकाणी होते. मीच हट्ट करून त्यांना जमिनीवर आणलं. सुकाणी म्हणजे चाक धरणारा. वाट ठरवणारा साहेब वेगळा. साहेबाने हुकूम दिला की सुकाणी तो मोठ्याने परत बोलणार, मगच चाक फिरवणार. ती खोड घरातही गेली नाही. मी म्हणायचे, "अहो, पाणी भरा." हे म्हणायचे, "पाणी भरतो," आणि उठायचे. चिंचवडातल्या बाया फिदीफिदी हसायच्या. हसोत मेल्या, त्यांचे नवरे कुठे ऐकत होते?

एका उन्हाळ्यात ह्यांना ताप चढला. डॉक्टरांनी हात टेकले. भर दुपारी हे उठून बसले, दोन्ही मुठी हवेत आवळलेल्या. माझ्या खांद्यामागे दाराकडे बघून म्हणाले, "वायव्य. सरळ."

दारात कोणी नव्हतं.

"वायव्य. सरळ." आणि हे खाटेवर बाजूला सरकले, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखे. पाळी बदलताना जुना सुकाणी नव्याला दिशा सांगतो. नव्याने ती परत बोलली की जुना चाक सोडतो. लग्नानंतर ह्यांनीच हौसेने सांगितलं होतं.

शेजारची म्हातारी पेज घेऊन आली आणि उंबऱ्यात थबकली. "कसला गं ह्यो वास?" तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मी कोकणातली, मला वास कळला. खाऱ्या पाण्याचा होता.

हे पुन्हा तेच बोलले. म्हातारी म्हणाली, "आजारी मानूस हाय, त्याच्या हो ला हो करावं." आणि ती ते शब्द उच्चारणार, तोच मी तिच्या तोंडावर हात दाबला. भीती वाटत होती, पण रागही आला होता. जो कोणी आला असेल त्याने चालतं व्हावं. मी ह्यांना दरडावलं, "पाळी संपलेली नाही. चाक सोडू नका."

ह्यांनी दारावरची नजर काढून माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "चाक सोडत नाही."

वास गेला. संध्याकाळी घाम फुटून ताप उतरला.

बरे झाल्यावर ह्यांनी विचारलं, "तो हुकूम कोणी दिला?"

"मी."

"मग सोडायलाही तूच सांगायचंस. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही."

आता म्हातारपणी ह्यांना दिसत नाही, ऐकू जेमतेम येतं. मुठी आवळून पडलेले असतात. कधी दुपारी घरात तो वास येतो आणि हे तोंड माझ्याकडे वळवतात. दमलेत हो, कळतं मला. आज सांगायचंच म्हणून जवळ बसते, तोंड उघडते आणि म्हणते, "पाणी प्या."

"पाणी पितो," हे म्हणतात.